साथ ओसरली, अफवा आणि आपली माहिती मागे राहिली

कोरोनाची साथ ओसरली, तोंडावरचे मास्क उतरले, आणि २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईतल्या गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने लहान मुले दगावू लागली. गोवराची लस काही नवी नाही. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. तरीही मुंबईत दहापेक्षा जास्त मुले गेली. आजारी पडलेली बहुतेक मुले लस न घेतलेली होती.

असे का झाले? कारणे एकापेक्षा जास्त होती. लॉकडाऊनमध्ये लसीकरणाची सत्रे बंद पडली. कितीतरी कुटुंबे गावी गेली आणि परत आली, त्यात मुलांचे डोस चुकले. घरे दाटीची आणि मुले अशक्त. या सगळ्यात एक कारण असेही होते, जे डोळ्यांना दिसत नाही: लसीबद्दल मनात बसलेली भीती. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली, तेव्हा "या लसीने मुलांना पुढे पोरे होणार नाहीत" असे संदेश फिरले. २०२१ मध्ये कोरोनाच्या लसीबद्दल हेच वाक्य परत फिरले. लसीचे नाव तेवढे बदलले होते.

म्हणून या अंकाच्या आरोग्य पानावर आम्ही एखाद्या आजाराऐवजी आपल्या हातातल्या मोबाइलबद्दल लिहीत आहोत. साथीच्या काळात या मोबाइलमध्ये बरेच काही आत आले आणि बरेच काही बाहेर गेले. खोटी माहिती आत आली, आपली स्वतःची माहिती बाहेर गेली. दोन्हींचा आपल्या तब्येतीशी संबंध आहे.

मोबाइल नव्हता तेव्हाही

अफवा मोबाइलने जन्माला घातली असे समजू नका. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारचे लोक घरात शिरून आजाऱ्याला उचलून नेत. नेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे घरच्यांना कोणी नीट सांगत नसे. मग इस्पितळात माणसे मारतात, अशी कुजबुज सुरू झाली. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजार गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला.

त्याच प्लेगात, पुण्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव आजाऱ्यांची सेवा करत होते. रुग्णांना उपचारासाठी आणता आणता सावित्रीबाईंना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. इस्पितळ तेच औषधपाणी करणारे, पण एकीकडे लोक दगड मारत होते आणि दुसरीकडे विश्वासाने येत होते. दार ठोठावणारा माणूस आपला वाटतो की परका, यावर बरेच अवलंबून असते. ही गोष्ट सव्वाशे वर्षांत बदललेली नाही.

मोबाइलमध्ये काय आले

फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी सांगितले होते की आपण साथीशी लढतो आहोत, तसेच माहितीच्या साथीशीही लढतो आहोत. त्यासाठी त्यांनी 'इन्फोडेमिक' हा शब्द वापरला. तेव्हा महाराष्ट्रात कोरोनाचा एकही रुग्ण सापडलेला नव्हता, पण "कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो" हा संदेश पोचलेला होता. चिकन कवडीमोलाने गेले, कुक्कुटपालन करणारे बुडाले. आपल्या ताटातले स्वस्त आणि चांगले प्रथिन ऐन गरजेच्या वेळी आपणच नाकारले.

इराणमध्ये दारूने कोरोना मरतो अशी अफवा पसरली. तिथे दारूला बंदी असल्याने लोकांनी चोरून मिळणारे मिथेनॉल घेतले. हे औद्योगिक विष आहे. तिथल्या सरकारी आकड्यांप्रमाणे फेब्रुवारी ते एप्रिल २०२० या काळात सातशेहून जास्त माणसे विषबाधेने मेली. रोगाने नव्हे, औषध समजून घेतलेल्या गोष्टीने.

आपल्याकडे २०२० मध्येच पंजाबातल्या काही गावांत अफवा उठली की कोरोनाच्या नावाखाली नेतात आणि अवयव काढून घेतात. काही ग्रामपंचायतींनी तपासणीलाच विरोध केला. आपल्या वस्त्यांतही "नेलेला माणूस परत येत नाही, किडनी काढतात" हे बोलणे आपण सर्वांनीच ऐकले आहे. त्यामुळे ताप अंगावर काढणारी माणसे दम लागल्यावर दवाखान्यात पोचली. तोवर उशीर झालेला असे.

मे २०२१ मध्ये दुसरी लाट ५-जी टॉवरच्या चाचण्यांमुळे आली, असे संदेश गावोगाव फिरले. केंद्राच्या दूरसंचार विभागाला जाहीर सांगावे लागले की देशात कुठेही ५-जीची चाचणी सुरूच झालेली नाही. लस घेतल्यावर दंडाला चमचे-नाणी चिकटतात, असे व्हिडिओही आले. घामट, तेलकट त्वचेवर नाणे कोणाच्याही चिकटते, लस घेतलेल्याच्या आणि न घेतलेल्याच्याही.

लसीने नपुंसकत्व येते, या संदेशाला देशाच्या औषध नियंत्रकांनी लसींना मंजुरी देतानाच, ३ जानेवारी २०२१ रोजी, साफ खोटे म्हटले. कोव्हॅक्सिनमध्ये मेलेला विषाणू असतो, कोविशिल्डमध्ये विषाणूच्या एका भागाची ओळख शरीराला करून देणारा निरुपद्रवी वाहक असतो. यांचा मुले होण्या-न होण्याशी संबंध नाही. मग लसीचा त्रास अजिबातच नव्हता का? होता. ताप, अंगदुखी बहुतेकांनी अनुभवली. फार क्वचित रक्ताच्या गुठळ्याही झाल्या. मे २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने कोविशिल्डच्या दर दहा लाख डोसमागे हे प्रमाण ०.६१ असल्याचे सांगितले. म्हणजे दहा लाखांत एकाहूनही कमी. धोका किती आणि फायदा किती, हे आकड्याने सांगितले की माणूस स्वतः ठरवू शकतो. "काहीच होत नाही" असे दडपून सांगितले की पहिल्या तापालाच विश्वास उडतो.

अर्धे खरे अधिक घातक

सगळे संदेश साफ खोटे नव्हते. काही अर्धे खरे होते, आणि त्यांनी जास्त घात केला.

जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीतून कळले की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचे प्राण वाचवते. बातमी खरी होती. त्याच चाचणीत हेही दिसले होते की ऑक्सिजनची गरज नसलेल्या रुग्णाला त्याचा फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकते. दुसऱ्या लाटेत डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी मोबाइलवर फिरू लागली. तिच्यात स्टिरॉइड होते, आणि दुसरा अर्धा भाग गळालेला होता. लोकांनी मेडिकलमधून गोळ्या आणून साध्या तापातच सुरू केल्या. स्टिरॉइडने साखर वाढते, प्रतिकारशक्ती दबते. मधुमेह असलेल्यांना पुढे काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने गाठले. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला.

यातून एकच धडा घ्यायचा: औषधाची चिठ्ठी ही एका माणसाची, एका दिवसाची असते. ती फॉरवर्ड करण्याची वस्तू नाही. खाली डॉक्टरची सही आणि शिक्का दिसत असला तरीही.

अफवा कोणाच्या अंगावर येते

अफवेला नेहमी एक आरोपी लागतो, आणि तो बहुतेक वेळा आधीच कमजोर असलेल्यांमधून निवडला जातो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. त्याआधी तसे व्हिडिओ त्या भागात फिरत होते. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, पालघरच्या गडचिंचले गावात चोरांच्या अफवांनी लोक रात्र-रात्र पहारा देत होते. तिथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले.

त्याच दिवसांत दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या कार्यक्रमावरून साऱ्या मुस्लिम समाजावर कोरोना पसरवल्याचा शिक्का बसला. भाजीवाल्याचे नाव विचारून त्याला गल्लीतून हाकलले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निकालात नोंदवले. निकाल आला, पण तोवर पाच महिने गेले होते.

विटाळाचा शिक्का म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. "यांच्यापासून रोग पसरतो" असे वाक्य एखाद्या समाजाबद्दल आले, की आपल्या हाताने ते पुढे जाता कामा नये. आज त्या वाक्यात दुसऱ्याचे नाव आहे, उद्या आपल्या वस्तीचे असेल.

मोबाइलमधून काय गेले

आता दुसरी बाजू. २ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने आरोग्य सेतू अ‍ॅप आणले. ब्लूटूथ आणि जीपीएसच्या साहाय्याने कोण कोणाच्या जवळ आले, हे ते नोंदवत असे. १ मेच्या आदेशाने ते सरकारी आणि खासगी कर्मचाऱ्यांना सक्तीचे झाले. टीका झाल्यावर १७ मेच्या आदेशात भाषा नरमली. ज्याच्याकडे साधा बटणाचा फोन आहे, त्याने ते अ‍ॅप कुठे टाकायचे, याचे उत्तर पहिल्या आदेशात नव्हते. नागपुरात तर सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे साथीच्या आधीच बांधलेली होती. ज्यांच्या कामावर शहर जगते, त्यांच्यावर नजर ठेवण्याची घाई सर्वांना असते. हातमोजे द्यायची घाई तेवढी दिसत नाही.

मग लसीकरणासाठी कोविन आले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना आधी ऑनलाइन नोंद सक्तीची झाली. जागा काही मिनिटांत भरत. शहरातली वेगवान इंटरनेट असलेली मुले गाडी काढून ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेत होती, आणि त्याच गावातला शेतमजूर बाहेर उभा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया होत्या ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. म्हणजे वस्तीतल्या दर तीन माता-भगिनींपैकी दोघींना दुसऱ्याच्या फोनवर अवलंबून राहावे लागले असते. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नोंद करण्याची सोय झाली. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीबद्दल केंद्राला खडे प्रश्न विचारले.

थेट नोंद होईपर्यंत आपण काय केले? सायबर कॅफेत, झेरॉक्सच्या दुकानात, गल्लीतल्या मोबाइल जाणणाऱ्या पोराकडे आधारकार्ड दिले. एका नंबरावर चार-चार माणसांची नोंद झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत लोकलने जायला दोन डोसांचा पास लागू लागला, तेव्हा प्रमाणपत्रेही गटागटांवर फिरली. ती समाजमाध्यमांवर टाकू नका, असे सरकारच्या सायबर दोस्त खात्याने त्याआधी मे महिन्यातच सांगितले होते, कारण त्यावर नाव आणि इतर तपशील असतो. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटवर फोन नंबर टाकला की लस घेतलेल्याचे नाव, जन्मवर्ष, ओळखपत्राचा क्रमांक समोर येत असल्याच्या बातम्या आल्या. कोविन सुरक्षित आहे, असे सरकारने सांगितले. पण आपला क्रमांक एकदा बाहेर गेला की तो परत बोलावता येत नाही.

दुसऱ्या लाटेत याचाच फायदा ठगांनी घेतला. ऑक्सिजन सिलिंडर आणि रेमडेसिविर मिळवून देतो, असे सांगणारे नंबर फिरत होते. घरातला माणूस श्वासासाठी तडफडत असताना लोकांनी आगाऊ पैसे पाठवले आणि पलीकडचा फोन बंद झाला. खोटी माहिती आणि चोरलेली माहिती इथे एकत्र आली.

मग माहिती द्यायचीच नाही का?

असा अर्थ काढू नका. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला. दहा बाय दहाची घरे आणि सार्वजनिक शौचालये असलेल्या त्या वस्तीबद्दल साऱ्या देशाला धास्ती होती. महापालिकेचे कर्मचारी, आरोग्य सेविका आणि खासगी डॉक्टर घरोघर गेले, ताप मोजला, संशयितांना वेगळे ठेवले. लोकांनी खरे सांगितले म्हणून ते जमले. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धारावीचे नाव उदाहरण म्हणून घेतले.

टीबीचेही तसेच आहे. रुग्णाची नोंद निक्षय पोर्टलवर झाली तर औषध फुकट मिळते आणि पोषण आहारासाठी पैसे खात्यात येतात. नोंद टाळली तर नुकसान रुग्णाचे आणि घरातल्या लहान मुलांचे. पण हीच माहिती गल्लीत पसरली तर पोरीचे लग्न मोडते, कामावरून काढतात. साथीच्या सुरुवातीला कर्नाटकात घरी विलगीकरणात असलेल्यांचे पत्ते सरकारनेच प्रसिद्ध केले होते. आपल्याकडे हातावर शिक्के मारले गेले. शिक्क्याच्या भीतीने लोक लपतात, आणि लपलेला रुग्ण कोणाच्याच कामाचा नाही.

म्हणून प्रश्न विचारायचा तो असा: माहिती कोण मागते, कशासाठी मागते, आणि काम झाल्यावर तिचे काय करणार? हा प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा संविधानाने दिलेला मूलभूत अधिकार आहे. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. चाळीतल्या माणसालाही तो हक्क तेवढाच आहे जेवढा बंगल्यातल्याला.

घरात आणि विहारात काय करता येईल

कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे सांगितले. मोबाइलसाठी यापेक्षा वेगळा नियम लागत नाही. पारखायचे कसे, ते साध्या शब्दांत असे:

संदेशावर दोन बाण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असे दिसले तर पाठवणाऱ्यालाही तो कुठून आला हे माहीत नाही, असे समजा. २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, तो याच कारणाने.

तारीख, गावाचे नाव, सांगणाऱ्याचे नाव शोधा. "एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले" हे नाव नव्हे. "लगेच दहा जणांना पाठवा" असे लिहिले असेल तर तिथेच थांबा.

तब्येतीची गोष्ट असेल तर आशाताईंना, आरोग्य सेविकेला किंवा महापालिकेच्या दवाखान्यात विचारा. केंद्र सरकारची १०७५ ही आरोग्य हेल्पलाइनही आहे.

घरातल्या आजीने किंवा काकांनी चुकीचा संदेश पाठवला तर गटात त्यांचा पाणउतारा करू नका. फोन करा किंवा शेजारी बसून सांगा. त्यांनी तो काळजीपोटीच पाठवलेला असतो. गटाचे अ‍ॅडमिन असाल तर खोटा ठरलेला संदेश काढून टाका आणि खरे काय ते दोन ओळींत लिहा.

आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहून सही करा. पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तिथे शेवटचे चार आकडेच दाखवणारे 'मास्क्ड आधार' चालते. ते आधारच्या संकेतस्थळावरून फुकट मिळते. दुकानात मोबाइलवरून प्रिंट काढली तर दुकानदाराच्या फोनमधली फाइल आपल्यासमोर पुसायला सांगा.

ओटीपी कोणालाही सांगू नका, लसीसाठी नाही, रेशनसाठी नाही, बँकेसाठी नाही. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासता येते. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

आणि दवाखान्यात कोणी 'आभा' क्रमांक काढायला सांगितला तर तो ऐच्छिक आहे, हे लक्षात ठेवा. सोयीचा वाटला तर काढा. नसला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

विहारात रविवारी धम्मवंदनेला सगळे जमतात, तेव्हा महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे यासाठी ठेवता येतील. त्या महिन्यात फिरलेले दोन-तीन आरोग्याचे संदेश मोठ्याने वाचायचे, आशाताई किंवा वस्तीतली नर्सिंग शिकणारी मुलगी त्यावर खरे-खोटे सांगेल. ज्यांना मोबाइल वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंतही मग खरी गोष्ट पोचेल. महिला मंडळांनी हे मनावर घेतले तर लवकर रुळेल, असे आम्हाला वाटते.

तूर्तास एक काम आजच करा. घरातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे लसीकरण कार्ड काढा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. एखादा रकाना कोरा असेल तर चुकलेला डोस सरकारी दवाखान्यात पाच वर्षांपर्यंत मिळतो. कार्ड हरवले असले तरी मुलाला घेऊन जा, आणि शेजारच्या घरातही विचारा.